दहा सेकंदांत चाळीस मिलीलिटर

नायट्रस किटचं, म्हणजे इंजिनात नायट्रस ऑक्साइड गॅस सोडून ताकद वाढवणाऱ्या सामानाचं, खोकं बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजात उघडलं, तेव्हा आम्ही सगळी पोरं निळ्या बाटलीभोवती उभी होतो. गॅरेजचे मामा मात्र पेट्रोलचा छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, हातात घेऊन बघत होते. म्हणाले, "गॅस आणलास, खरं पेट्रोल कुठनं देणार हाईस?" गाडीच्या फ्युएल रेलवरनंच, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीवरनंच, टी-जोड मारून घेऊ, असं मी सांगितलं. मामांना ते पटलं नाही. मी तसंच केलं. पाचव्या की सहाव्या फेरीत इंजिनाचा आवाज बदलला. हेड उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची वरच्या रिंगेजवळची कड वितळून गेलेली दिसली.

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. वजनाने त्यात सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत तो २३ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने रेणू फुटतो, जादा ऑक्सिजन मोकळा होतो, आणि त्याला जोडीला जादा पेट्रोल लागतं. रसायनाच्या हिशेबाने एक किलो पेट्रोलला साधारण ९.६ किलो नायट्रस. प्रत्यक्षात कुणी एवढं काठावर चालवत नाही. पेट्रोल बरंच जास्त ठेवतात, कारण तेच ज्वलनाचं तापमान आवरून धरतं. माझ्या गाडीत वरच्या आरपीएमला मूळ पंप इंजेक्टरांना आणि नायट्रसच्या नोझलला एकदम पुरला नाही. रेलचा दाब पडला, मिश्रण लीन झालं, पिस्टन गेला. गॅस बरोबर होता, पेट्रोल कमी पडलं.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की जेवढे पैसे आणि दिवस बाटलीवर घालवाल, त्याहून जास्त पेट्रोलच्या बाजूला घाला. वेगळी टाकी, वेगळा पंप, वेगळा रेग्युलेटर (दाब ठरवणारा भाग) आणि वेगळी लाइन घ्या. गाडीच्या मूळ व्यवस्थेला हात लावू नका. आणखी एक सोय होते: छोट्या टाकीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरता येतं आणि मोठ्या टाकीत रोजचं राहतं.

टाकी केवढी हवी? माझा शॉट, म्हणजे नायट्रसने मिळणारी जादा ताकद, ४० एचपीचा. दर एचपीला तासाला सुमारे ०.६ पाउंड पेट्रोल धरलं, तर तासाला २४ पाउंड, म्हणजे जवळजवळ ११ किलो. सेकंदाला झाले ३ ग्रॅम, मापात ४ मिलीलिटर. दहा सेकंदांच्या फेरीला ४० मिलीलिटर. दोन लिटरच्या टाकीत सगळा दिवस निघतो. मोठी टाकी घेऊन डिकीत पेट्रोलचा साठा करण्यात काही अर्थ नाही. टाकी डिकीत ठेवलीत तर तिचा श्वास, म्हणजे हवेची वाट, पाइपने गाडीबाहेर काढा, त्यात गाडी उलटल्यास बंद होणारा व्हॉल्व्ह घाला, आणि टाकी व प्रवासी यांच्यामध्ये पत्र्याची भिंत हवीच.

पंप टाकीच्या तळापेक्षा खाली बसवा. हे पंप पेट्रोल ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चे. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, पंपानंतर बारीक. रेग्युलेटर रिटर्नचा घ्या, जादा पेट्रोल टाकीत परत पाठवणारा. बिनरिटर्नचा रेग्युलेटर सोलेनॉइड बंद असताना ७ पीएसआय (दाबाचं माप) दाखवतो आणि उघडला की ५ वर येतो. नवीन माणूस ते ७ बघून समाधानाने पुढे जातो.

सामानाच्या बाबतीत बेळगावात राहण्याचा मोठा फायदा आहे. उद्यमबाग आणि मच्छे म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडर आणि फाउंड्रीचा मुलूख. परदेशी किटांत एएन फिटिंग (पाइपचे जोड) असतात, त्यांचा फ्लेअर, म्हणजे जोडाचा तिरपा काठ, ३७ अंशांचा. आपल्या हायड्रॉलिकच्या दुकानात मिळणाऱ्या जेआयसी फिटिंगचा कोनही तोच, त्यामुळे पेट्रोलच्या लाइनला ती चालतात. पाइप मात्र आतून पीटीएफईचाच (टेफ्लॉनचाच) मागा, वरून स्टीलची जाळी. तेलासाठी बनवलेला साधा रबरी होज इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात फुगतो आणि त्याचे कण जेटमध्ये, म्हणजे प्रवाह ठरवणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्यात, अडकतात. इथेनॉल तर आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीतनं निघतं, आता ते प्रत्येक पंपावर आहे.

आणि हे मी हात जोडून सांगतो: हायड्रॉलिकच्या दुकानातली फिटिंग आणि होज तेलात न्हालेले असतात. नायट्रसच्या लाइनला त्यातलं काहीही वापरू नका. दाबाखालचा ऑक्सिडायझर (इथे नायट्रस) आणि तेल एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. नायट्रसच्या बाजूला किटबरोबर आलेले भागच ठेवा, ग्रीसचा हात लावू नका. फ्लेअरच्या जोडाला टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका. तिथे धातूवर धातूच बसतो, आणि टेपचा तुकडा सुटला की थेट जेटमध्ये जातो.

जेटबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. किटबरोबर येणारा जेटचा तक्ता ठराविक दाबासाठी असतो. मी रेलच्या ४३ पीएसआयवरून वेगळ्या टाकीच्या ६ पीएसआयवर आलो आणि आधी जुनाच पेट्रोल जेट लावणार होतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो. म्हणजे त्याच जेटमधून जवळपास तिसरा हिस्सा पेट्रोल आलं असतं. छिद्राचा व्यास दीडपटीहून जास्त लागतो. याच हिशेबाने ६ चा दाब ५ झाला तरी पेट्रोल ९ टक्क्यांनी घटतं. काट्यावर एवढासा फरक, पिस्टनसाठी मोठा.

त्यामुळे काट्यावर विसंबू नका, मापून बघा. आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसला १०० मिलीलिटरचा मापनळा आणला. बाटलीचा व्हॉल्व्ह बंद. इंजिन बंद आणि थंड. गाडी अंगणात उघड्यावर, बाजूला पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली. पेट्रोलची लाइन नोझलपासून सोडवली, तिच्या टोकाला तोच जेट बसवला आणि तोंड मापनळ्यात धरलं. मामा घड्याळ घेऊन उभे. पंप चालू, मग फक्त पेट्रोलचा सोलेनॉइड दहा सेकंद. पहिल्या वेळी ३३ मिलीलिटर आले, काटा तोवर ६ वरून ४ च्या आसपास उतरलेला. पंपाला मिळणारं व्होल्टेज कमी होतं. मी तार बारीक घेतली होती. बॅटरीवरून जाड तार, रिले आणि फ्यूज घालून पुन्हा केलं. मग पेट्रोल वाहत असतानाच रेग्युलेटरचा स्क्रू फिरवून ६ वर आणला. ४१, ४०, ४०. तिन्ही वेळा जवळजवळ सारखं आलं तेव्हाच मामांनी लाइन नोझलला परत जोडू दिली.

यानंतर फ्युएल प्रेशर सेफ्टी स्विच. पेट्रोलच्या सोलेनॉइडच्या अगदी अलीकडे तो बसतो आणि दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की नायट्रसच्या रिलेचा पुरवठा तोडतो. माझा ४.५ ला तोडतो. हा स्विच पहिल्या गाडीत असता तर तो पिस्टन आजही चालला असता. त्याच्या जोडीला पूर्ण थ्रॉटललाच लागणारा मायक्रोस्विच आणि ३,००० आरपीएमच्या खाली गॅस न सोडणारा विंडो स्विच घाला. टायमिंगही (प्लगच्या ठिणगीची वेळ) मागे घ्यावं लागतं: दर ५० एचपीला साधारण २ अंश.

आता बाटली. पेट्रोलचा दाब आपण ६ वर बांधून ठेवला, पण बाटलीचा दाब हवामान ठरवतं. २० अंशांना आत सुमारे ५० बार असतात, ३० अंशांना ६३. आषाढात खानापूरकडचा पाऊस लागला की बाटली गार, गॅस कमी, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), गाडी काळा धूर टाकते. मे महिन्यात निपाणीच्या रस्त्यावर दुपारी बंद डिकी तापली की उलटं होतं. ३६.४ अंशांच्या वर तर नायट्रस द्रवरूपात राहतच नाही, मग दाब वाढतो, घनता पडते आणि कुठलाच जेट खरा ठरत नाही. म्हणून बाटलीला दाबाचा काटा लावा, आणि प्रत्येक फेरी एकाच दाबाला करा. आमचा ९०० पीएसआय, म्हणजे सुमारे ६२ बार. गार बाटलीला थर्मोस्टॅटचा हीटर ब्लँकेट, तापलेल्या बाटलीला ओलं पोतं आणि सावली. आच कधीही दाखवायची नाही.

हे सगळं परवानगीच्या बंद ट्रॅकसाठी आहे. पुणे-बेंगळुरू हायवेवर रात्री गाड्या पळवणारी पोरं मला माहीत आहेत. त्यातल्या कुणाच्या आईला दवाखान्यात बघायची माझी इच्छा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदणीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी ट्रेलरवरून न्या. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेची मान्यता असलेल्या स्पर्धेत लायसन्स काढून उतरा, आणि नियमपुस्तकात नायट्रस चालतं का ते आधी वाचा. बाटलीही गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली येते, ती परवानाधारकाकडूनच भरून घ्या.

दिवस संपला की छोटी टाकी रिकामी करा. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो. टाकीत राहिलेलं जुनं पेट्रोल पुढच्या वेळी वापरू नका.

आणि पहिल्या फेरीनंतर लगेच दुसरी मारू नका. पूर्ण थ्रॉटलवरच इंजिन बंद करा, क्लच दाबा, गाडी घरंगळत थांबू द्या, थंड होऊ द्या, मग चारही प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर स्फोटक ज्वलन सुरू झालंय. चमकणारे रुपेरी कण दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. बाटली बंद करा, लाइनमधला दाब सोडा आणि गाडी त्या दिवशी ट्रेलरवर चढवा.