डंपवर बीजाणू मोजण्याआधी

सिंधुदुर्गातील लोहखनिजाच्या खाणींभोवती, झाडांच्या मुळांत राहणाऱ्या उपकारक बुरशीचा अभ्यास मी प्रबंधासाठी हाती घेतला, तेव्हा पहिल्याच हंगामात घाईने लिहिलेला एक निष्कर्ष मला मागे घ्यावा लागला. या विषयाकडे वळणाऱ्यांना तो प्रसंग आधी सांगितला पाहिजे.

खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावरून, म्हणजे डंपवरून, मी नमुने आणले. चाळणीत बीजाणू अगदी मोजके निघाले आणि लोह व मँगनीज यांच्या अतिरेकाने बुरशी मरते, असे मी लिहून टाकले. मार्गदर्शक बाईंनी ते वाचून एवढेच विचारले, "तिथे झाड होते का?" झाड नव्हते. अर्बस्क्युलर मायकोरायझा, म्हणजे मुळाच्या पेशींत शिरून झुडपासारख्या बारीक फांद्या पसरणारी ही बुरशी, जिवंत मुळाखेरीज आपले जीवनचक्र पुरे करू शकत नाही. झाड तिला अन्न पुरवते आणि ती आपल्या तंतूंनी मुळांच्या आवाक्याबाहेरचे स्फुरद झाडाला आणून देते. आपल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरद घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे कोकणातल्या काजूला ही सोबत फार मोलाची आहे. खाण खोदताना वरची माती खरवडली जाते, तंतूंचे जाळे तुटते, आणि तीच माती वर्षानुवर्षे ढीग घालून ठेवली की तिच्यातील बुरशीची नव्या मुळांत शिरण्याची क्षमता घटत जाते. धातूंचा परिणाम, मातीची उलथापालथ आणि झाडांचा अभाव या तिन्ही गोष्टी माझ्या नमुन्यांत एकत्र गुंतल्या होत्या.

म्हणून एकच वनस्पती सगळीकडे घ्यावी. मी रानमोडी निवडली, कारण ती डंपवर, खाणीचा लाल गाळ वाहून आलेल्या शेताच्या बांधावर आणि दूरच्या काजूबागेतही उगवते. माठ किंवा मोहरी मात्र घेऊ नये. त्यांच्या कुळांत हे सहजीवन सहसा आढळतच नाही.

बीजाणू वेगळे करण्यासाठी गर्डमन आणि निकोलसन यांची 1963 ची ओल्या चाळणीची पद्धत आजही वापरतात. खाणीच्या मातीत तिची एक अडचण आहे: लोहाचे बारीक तपकिरी गोल कण सूक्ष्मदर्शकाखाली थेट बीजाणूंसारखे दिसतात. संशय आला की सुईने हलके दाबावे; बीजाणू फुटून त्यातून तेलकट थेंब बाहेर येतात, खनिजाचा कण सुईखालून निसटतो. हे न करता केलेली मोजणी मी आता मानत नाही.

मुळे त्याच दिवशी धुवावीत, कारण पावसाळ्यात पिशवीत ठेवलेली मुळे लवकर कुजतात. आतली बुरशी दिसावी म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून, आम्लातून काढून ती ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवतात. हा रंग कर्करोगकारक असण्याचा संशय आहे, तेव्हा हातमोजे अजिबात टाळू नयेत. काजूची मुळे टॅनिनमुळे काळपट राहतात, त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळावे लागते.

दुसऱ्या वर्षी त्याच डंपच्या पायथ्याशी उगवलेल्या रानमोडीची मुळे मी रंगवली. चाळणीत बीजाणू या वेळीही मोजकेच होते, पण काचपट्टीवर मुळाच्या पेशीपेशीत निळी, फांद्या फुटलेली इवली झुडपे स्पष्ट दिसत होती.