कुत्र्याने खाऊ नये ते खाल्लं तर काय करावं

फरशीवर चॉकलेटचा चंदेरी कागद फाटून पडलाय आणि कुत्रा शेजारी बसून जिभल्या चाटतोय. दिसायला ठणठणीत, शेपूटही हलतेय. नेमकी इथेच गफलत होते. "बघू, काही त्रास झाला तर नेऊ डॉक्टरांकडे," असं घरातलं कोणीतरी म्हणतं आणि ज्या एक-दोन तासांत पोटातलं बाहेर काढता आलं असतं ते निघून जातात. कांद्याचा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागू शकतात. द्राक्षांनी मूत्रपिंडं बिघडली तर ते एक ते तीन दिवसांनी कळतं. त्या वेळी उलटी करवून काही हाती लागत नाही. म्हणून लक्षणांची वाट पाहू नका. माहिती गोळा करा आणि पशुवैद्यांना फोन लावा.

एक अपवाद आधीच सांगतो. कुत्र्याला झटके येत असतील, तो कोसळला असेल, श्वास घेताना धडपडत असेल किंवा पोट फुगून नुसतेच कोरडे उमाळे येत असतील, तर खालचं काही करत बसू नका. त्याला उचला, निघा आणि फोन वाटेतून करा. झटके चालू असताना त्याच्या तोंडात हात घालू नका.

पहिलं काम: उरलेलं काढून घ्या

ओरडत त्याच्या मागे धावलात तर तोंडातलं तो घाईघाईने गिळून टाकेल. आवाज नेहमीसारखा ठेवा, त्याच्या आवडीचा खाऊ नाकासमोर धरा आणि तोंडातली वस्तू सुटली की त्याला दुसऱ्या खोलीत न्या. घरात दोन-तीन कुत्री असतील तर सगळ्यांना वेगवेगळं ठेवा. कोणी किती खाल्लं हे सांगता येत नसेल, तर प्रत्येकाने सगळंच खाल्लं असं धरून चाला.

दुसरं काम: काय, किती, केव्हा आणि वजन किती

हे काम जितकं नीट कराल तितका डॉक्टरांचा निर्णय अचूक होईल. कागदाचे तुकडे फेकू नका, जमिनीवर ठेवून जुळवून पाहा. पाकिटावर वजन छापलेलं असतं, चॉकलेटवर कोकोचं प्रमाण टक्क्यांत असतं, मागे घटकांची यादी असते. तिचा फोटो काढा. सोफ्याखाली, पलंगाखाली, त्याच्या गादीत काही लपवलंय का बघा. जे सापडत नाही ते त्याच्या पोटात आहे असंच समजा. वेळेचंही तसंच. तुम्ही घराबाहेर दोन ते पाच होतात, तर त्याने दोनलाच खाल्लं असं धरा.

वजन माहीत नसेल तर त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. उलटी झाली असेल तर तिचा फोटो घ्या आणि थोडी पिशवीत बांधून बरोबर न्या.

आकड्यांनी काय फरक पडतो ते चॉकलेटच्या उदाहरणाने पाहू. त्यातला त्रासदायक घटक थिओब्रोमिन, जोडीला कॅफीन. माणसाचं शरीर थिओब्रोमिन बऱ्यापैकी लवकर बाहेर टाकतं, पण कुत्र्याच्या शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण १७ तास लागतात. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते ढोबळमानाने २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५, बेकिंगच्या बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये १५ च्या आसपास आणि कोको पावडरमध्ये २५ च्याही वर. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या पुढे झटके येऊ शकतात.

आता १० किलोचा कुत्रा घ्या. १०० ग्रॅम मिल्क चॉकलेट म्हणजे त्याला किलोमागे २० मिलिग्रॅम. तेवढंच डार्क म्हणजे ५०. आणि कोको पावडर असेल तर नुसते २० ग्रॅमही त्याला ५० च्या घरात नेतात. म्हणून "त्याने चॉकलेट खाल्लं" एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. तुमचा हिशेब मात्र फोनवर सांगण्यापुरता आहे. आकडा कमी आला म्हणून फोन टाळू नका, कारण वयस्कर, हृदयाचा त्रास असलेल्या किंवा अगदी लहान कुत्र्याला कमी मात्राही बाधते.

तिसरं काम: फोन

सरळ असं सांगा: "१० किलोचा चार वर्षांचा नर आहे. साधारण सातच्या सुमाराला ७० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट खाल्लंय, जास्तीत जास्त ८० ग्रॅम. अजून उलटी नाही, थोडा अस्वस्थ आहे. त्याला दुसरा आजार नाही, औषध चालू नाही." एवढ्यावर डॉक्टर लगेच या म्हणतील किंवा घरीच लक्ष ठेवा म्हणतील. खाल्लेली वस्तू दारू असेल, नशेचा पदार्थ असेल किंवा तुमचंच औषध असेल तरी स्पष्ट सांगा. इथे संकोच केला तर उपचार चुकीच्या दिशेने जातात आणि त्याची किंमत ते मुकं जनावर मोजतं.

नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर बहुतेकांकडे असतो. रात्री-अपरात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा मात्र आज शोधून ठेवा.

घरी उलटी करवू नका

याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय, कारण भीतीपोटी लोक हेच आधी करायला जातात. मिठाचं पाणी पाजलं आणि उलटी झालीच नाही, तर रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला सूज येऊ शकते. म्हणजे खाल्लेल्या वस्तूपेक्षा उपायच जिवावर बेतायचा. घशात बोटं घातल्याने घसा सोलवटतो आणि चावाही बसतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने अन्ननलिकेला आणि जठराला जखमा होतात, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय ते देऊ नका. टोकदार हाड, आम्ल किंवा क्षार असलेला पदार्थ, रॉकेलसारखं तेल पोटात गेलं असेल तर उलटी करवणं जास्त घातक. कुत्रा पेंगुळलेला असेल किंवा पगसारख्या चपट्या तोंडाचा असेल, तर उलटीचं फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

दूध पाजून विष उतरत नाही. तेल पाजू नका. पाणी समोर ठेवा, जबरदस्तीने ओतू नका.

कशाला जास्त घाबरायचं

माझ्या मते घरातली सगळ्यात दुर्लक्षित धोक्याची वस्तू म्हणजे झायलिटॉल. हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ (शुगर अल्कोहोल) आहे आणि ती शुगर-फ्री च्युइंग गम, गोळ्या, काही पीनट बटर, टूथपेस्ट, माउथवॉश, औषधी सिरप यांत असते. माणसाला तिचं काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र ती गेल्या गेल्या इन्शुलिनचा लोंढा सुटतो आणि रक्तातली साखर कोसळते, बहुतेक वेळा १० ते ६० मिनिटांत. किलोमागे ०.१ ग्रॅमही पुरतं. काही गमच्या एकेका तुकड्यात जवळपास १ ग्रॅम असू शकतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला एक तुकडाही धोक्याचा. किलोमागे ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याची भीती असते. यादीत तिचं नाव बर्च शुगर किंवा ई९६७ असंही लिहिलेलं असतं. सगळंच शुगर-फ्री विषारी नसतं, म्हणून यादी वाचायची. कुत्रा लटपटत असेल, पाय टाकताना झोकांड्या खात असेल आणि शुद्धीवर असेल, तर डॉक्टरांना विचारून वाटेत त्याच्या हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचा पाक चोळा.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांचं कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. एक कुत्रा मूठभर खाऊनही धडधाकट, तर दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशाच फळांनी बंद. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती पांढरी भुकटी) आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच बिघाड दिसला होता आणि दोन्हींत हेच आम्ल असतं. फळाची जात आणि पिकण्याची अवस्था यांप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं, त्यामुळे "इतकी चालतात" असा आकडा कोणी देऊ शकत नाही. एखाद-दुसरं द्राक्ष गेलं तरी फोन करा. फ्रूटकेक आणि मनुकांच्या ब्रेडलाही हेच लागू.

कांदा, लसूण, पात आणि त्या कुळातलं सगळं रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात बिघाड दिसतो. लसूण त्याहून कितीतरी तीव्र. शिजवल्याने विष जात नाही. पावडरमधून पाणी निघून गेलेलं असतं, त्यामुळे ती वजनाला आणखी जहाल. रोज थोडा थोडा कांद्याचा रस्सा पोटात जात राहिला तरी तोच परिणाम साठत जातो. फिकट हिरड्या, तपकिरी-लालसर लघवी, थोडं चालल्यावर धाप, यांवर आठवडाभर नजर ठेवा.

मॅकाडेमिया नट्सने मागचे पाय लुळे पडतात. ते बघून जीव गोळा होतो, पण बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत सावरतात. यीस्ट घातलेली कच्ची कणीक मात्र हलक्यात घेऊ नका, ती पोटाच्या उबेत फुगत राहते आणि दारूही तयार करते. बुरशी आलेल्या अन्नाने अंग थडथड कापायला लागतं. मक्याचं बुरकुंड, आंब्याची कोय, शिजवलेलं हाड यांत विष नसतं, पण ते आतड्यात अडकतं आणि कधी कधी ते दोन-चार दिवसांनी लक्षात येतं: सारख्या उलट्या, शी नाही, अन्नाला तोंड नाही. खूप तेलकट-तुपकट जेवण झालं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरून उभा राहतो. असं दिसलं की डॉक्टर गाठा.

एका पुडीबद्दल सांगायला हवं. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी फारशी विषारी नसते. पण सुक्या खाद्यपदार्थांच्या पाकिटात ऑक्सिजन शोषणारी जी पुडी असते तिच्यात लोहाची भुकटी असते आणि ती लहान कुत्र्याला खरोखर विषबाधा करू शकते. पुडी फाटलेली दिसली तर ती घेऊनच दवाखान्यात जा.

दवाखान्यात काय होतं

वेळेत पोहोचलात तर बहुधा अपोमॉर्फिनचं इंजेक्शन देतात किंवा डोळ्यात रोपिनिरोलचे थेंब घालतात. थोड्याच वेळात उलटी होते. पुढे गरजेप्रमाणे सक्रिय कोळसा (पोटातलं विष धरून ठेवणारी कोळशाची भुकटी), सलाईन, रक्ततपासणी. झायलिटॉलला कोळसा नीट धरून ठेवत नाही, तिथे रक्तातली साखर पुन्हा पुन्हा तपासून ग्लुकोज देतात. द्राक्षांसाठी सहसा दोन दिवस सलाईन लावून मूत्रपिंडांच्या तपासण्या करतात. चॉकलेट आणि कॉफीच्या बाबतीत कुत्र्याला वरचेवर लघवीला नेतात, कारण मूत्राशयात साठलेल्या लघवीतून कॅफीन परत रक्तात शोषलं जातं. डॉक्टर रात्रभर ठेवून घेतो म्हणाले तर ठेवा, थिओब्रोमिनचे ते १७ तास लक्षात आहेतच.

घरी आणल्यावर

कोळसा दिला असेल तर शी काळी होते, त्याने दचकू नका. पाणी थोडं थोडं, खाणं डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तितकंच. लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची, उलटी झाली का, हे वेळेसकट लिहून ठेवा. हिरडी बोटाने दाबून सोडा: पांढरा पडलेला ठिपका साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. कुत्रा निरोगी असताना हे एकदा करून पाहिलेलं असेल तर फरक पटकन ओळखता येतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळात काळ्या असतात, त्यांची खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघावा.

पुन्हा होऊ नये म्हणून

कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि कपाटात ठेवा. पर्स, दप्तर, कोटाचे खिसे त्याच्या नाकाच्या उंचीला नकोत, कारण गम आणि गोळ्या तिथेच असतात. पाहुण्यांच्या बॅगा उंचावर ठेवा आणि ताटातलं काही देऊ नका हे त्यांना आल्या आल्या सांगा. लहान मुलांना काय द्यायचं नाही यापेक्षा काय द्यायचं ते दाखवा: गाजराचा तुकडा, बिया काढलेली सफरचंदाची फोड.

आणि "सोड" शिकवा. त्याच्या तोंडात साधं खेळणं असताना नाकाशी खाऊ धरा. खेळणं सुटताक्षणी "सोड" म्हणा आणि खाऊ द्या. लगेच खेळणंही परत द्या, म्हणजे सोडल्याने आपलं काही जात नाही हे त्याला पटतं. काही दिवस असं झालं की आधी शब्द, मग खाऊ, असा क्रम करा. त्यानंतर खेळण्याच्या जागी काठी, मोजा, रिकामी बाटली अशा त्याला जास्त मोह पडणाऱ्या वस्तू आणा आणि बक्षीसही त्याच मानाने मोठं करा.