बाजाराचा दिवस, चार खुर्च्या अन् कारागीर

आमच्या गावात सलूनवर खरा ताण येतो बाजाराच्या दिवशी अन् पोळ्याच्या आधी. त्या दिवसांतल्या सुट्ट्या आठवडाभर आधीच ठरवून टाका. ऐनवेळी ओरडून कारागीर येत नाही.

कारागीर निम्म्या कमाईवर ठेवला असेल, तर क्रीम, ब्लेड, डायचा खर्च कोणाचा, हे पहिल्याच दिवशी बोला. हिशेब रोज रात्री, सगळ्यांसमोर.

ब्लेडच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. ब प्रकारची कावीळ, एचआयव्ही रक्तातून पसरतात. वापरलेली ब्लेडं झाकणाच्या जाड डब्यात टाकायची. डाय 48 तास आधी कानामागे थोडा लावून बघायचा. त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी असली तर तोंड सुजतं. म्हणून लग्नाच्या दिवशी नवरदेवाला पहिल्यांदाच डाय लावायला आमच्याकडे सक्त मनाई! (मामा लोक तरी हट्ट करतातच.)

शिकाऊ पोराला आधी फुग्यावर फेस लावून वस्तरा फिरवू द्या. चुकला तर गिऱ्हाइकासमोर नाही, चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगा.

मे महिन्यात दुपारी एक ते चार शटर अर्धं ओढतो. 45 अंशांत येतं कोण? कारागिरांची तेवढी झोप होते.