गडग्यावरचा तेरडा कसा न्याहाळावा

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. झाड मात्र चार महिने असतं. तेवढ्या काळात जमेल असा हा उद्योग आहे.

सुरुवात जूनमध्ये करा. तेरडा वर्षायू, पहिल्या सरींनंतर बी रुजतं. रोज जाता ती एकच पाखाडी (दगडी पायवाट) निवडा आणि गडग्याची (रचलेल्या दगडांच्या कुंपणाची) फट, भाताचा बांध, व्हाळाची (ओढ्याची) कड, झाडाखालची ओल अशा जागांवर किती रोपं आहेत ते वहीत टिपा. पुळणीवरच्या खाऱ्या वाळूत शोधायला जाऊ नका, फुकट पायपीट होईल.

ओळखायला सोपा. दांडा पाणीदार, पानांची कड करवती, फुलं गुलाबी आणि फुलामागे बारीक, वाकडी शेपटी. मध त्या शेपटीत असतो. पानाच्या देठावरच्या ग्रंथींतूनही गोड रस पाझरतो, म्हणून मुंग्यांवर नजर ठेवा. अंगणातला भरगच्च पाकळ्यांचा तेरडा याच जातीचा, माणसाने निवडून वाढवलेला. तो मोजणीत धरू नका.

आता भिंग घ्या. फुलाच्या घशात वर पुंकेसरांची एक टोपी दिसेल. टोपी आहे तोवर फूल परागकण देतं, ती गळली की खालचा स्त्रीकेसर उघडा पडतो. एकाच झाडावर दोन्ही अवस्थांची फुलं सापडतात. एकदा हे कळलं की नुसतं बघत जाववत नाही!

मग बोंडं. पडवीत चादर अंथरा, पिकलेलं बोंड मधोमध ठेवून हलका चिमटा काढा. कवच गुंडाळतं आणि बिया उडतात. सर्वांत लांबची बी पट्टीने मोजा. झाडाची स्वतःची झेप एवढीच, म्हणून तेरडा ताटव्यांनी दिसतो. मूळचा भारत-म्यानमारकडचा हा तेरडा जगभर पोचला तो बागांच्या हौसेपायी.

भाद्रपदात गौरीसाठी तो मुळासकट उपटतात, मुळं म्हणजे गौरीची पावलं. उपटा, पण सगळा ताटवा रिकामा करू नका. बोंडं धरलेली झाडं जागेवर सोडा. विसर्जनाआधी गौरीच्या झाडांवरची पिकली बोंडंही काढून त्याच गडग्याशी टाका. व्हाळात विसर्जन होत असेल तर खालच्या वळणावरची कड वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये तिथली रोपं मोजा, राहिलेलं बी पाण्याबरोबर तिथवर गेलं का ते बघायला.