आर्कमध्ये सुरुवातीचे गुण कुठे खर्च करावेत

‘आर्क: सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ड’ या गेममध्ये प्रत्येक लेव्हलला एकच गुण मिळतो आणि तो एकाच क्षमतेवर खर्च करता येतो, त्यामुळे सुरुवातीच्या निवडीचे परिणाम बराच काळ भोगावे लागतात.

माझ्या मते पहिला मान वजन उचलण्याच्या क्षमतेचा आहे. सुरुवातीला ही मर्यादा 100 असते आणि एका गुणाने ती 10 ने वाढते. एका दगडाचे वजन 0.5, लाकडाचेही तितकेच आणि कच्च्या धातूचे 1 असल्यामुळे डोंगरावर धातू फोडायला गेलेला खेळाडू बघता बघता मर्यादेला टेकतो, त्याची चाल मंदावते, आणि नेमका त्याच वेळी रॅप्टर हा शिकारी डायनासोर समोर आला तर जमवलेले सगळे टाकून पळण्याइतकीही उसंत मिळत नाही. म्हणून पहिल्या दहा-बारा गुणांपैकी निम्मे तरी वजनावर घालावेत.

उरलेले गुण आरोग्य आणि दम यांत विभागावेत; पळणे, कुऱ्हाड चालवणे, पोहणे ही सारी कामे दमावरच चालतात. एकट्याने खेळणाऱ्याने आरोग्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण त्याला सावरायला जवळ कोणी नसते. अन्न आणि पाणी यांवर मात्र गुण घालवू नयेत, कारण अन्नाची गरज बोरे आणि भाजलेले मांस सहज भागवतात, तर पाण्याची नदी-समुद्राचे पाणी. ऑक्सिजनचा विचार समुद्रात उतरण्याची वेळ आल्यावर करावा.

निवड चुकलीच, तर पुढे माइंडवाइप टॉनिक पिऊन सर्व गुण नव्याने वाटता येतात.