फोमची गादी घेताय? खोळ काढून काट्यावर ठेवा

लग्नसराईत गादी घेताना आपण ती हाताने दाबून पाहतो. त्याने मऊपणा कळतो, टिकाऊपणा नाही. पॉलीयुरेथेन म्हणजे पीयू फोमचा कस त्याच्या घनतेत असतो, आणि ती घरच्या काट्यावरही कळते.

सहा बाय तीन फुटांचा, चार इंच जाड फोम साधारण 0.17 घनमीटर भरतो. घनता 32, म्हणजे घनमीटरला 32 किलो, असेल तर वजन साडेपाच किलोच्या आसपास, 40 असेल तर पावणेसात. ‘चाळीसची’ म्हणून दिलेली गादी पाच किलोच भरली, तर घेऊच नका. रोज झोपायला 32 च्या खाली उतरू नये, असं माझं ठाम मत. वजन वाढवायला खडूची भुकटीही मिसळतात; फोम चोळून हाताला पांढरी पूड लागते का बघा.

आपल्या खान्देशात कापसाच्या गाद्या धाब्यावर उन्हात टाकायची जुनी सवय आहे. पीयू फोमला मात्र ऊन सोसत नाही; तो पिवळा पडून भुगा होतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. चूल, शेगडी, उदबत्तीपासून लांबच ठेवा, कारण फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो.

कडक पीयू फोम फ्रिजच्या भिंतींत आणि रावेर-सावद्याकडच्या केळीच्या शीतगृहांच्या पॅनेलमध्ये असतो. घरावर असे पॅनेल टाकणार असाल तर सांधे नीट बुजवून घ्या, नाहीतर मे महिन्याची झळ तिथूनच आत येते.

पीयू तळव्याचे बूटही वर्षानुवर्षं खोक्यात ठेवू नका. दमटपणाने तळवा न वापरताच तुटतो.