एफएफटीच्या आधी धूळ पुसा

काँक्रीटच्या विनाविध्वंस चाचणीत, म्हणजे न फोडता आतलं तपासण्याच्या कामात, आले तेव्हा पहिले दोन महिने मी वेव्हलेट हे सिग्नल उलगडण्याचं गणित शिकण्यात घालवले. इम्पॅक्ट-एकोत पोलादी गोळीने काँक्रीटला ठोका द्यायचा आणि शेजारच्या सेन्सरने प्रतिध्वनी टिपून जाडी किंवा आतली पोकळी ओळखायची. त्याचा सिग्नल गढूळ दिसतोय म्हणजे आपलं गणित कच्चं, अशी पक्की समजूत. शेवटी गाइडनी लॅपटॉप मिटायला लावला आणि सेन्सर टेकतो ती जागा बोटाने चोळून दाखवली. बोटाला पिठासारखी भुकटी. जागा घासली, त्याच पोलादी गोळीने पुन्हा ठोका दिला, आणि एफएफटीच्या, म्हणजे सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणाऱ्या गणिताच्या, आलेखात एकच टोकदार पीक (शिखर) उभं राहिलं.

एक सूत्र तोंडपाठ हवं: पी-तरंगाच्या (दाबाच्या तरंगाच्या) वेगाला ०.९६ ने गुणा, दुप्पट जाडीने भागा, जाडीच्या पीकची वारंवारता मिळते. वेग सेकंदाला ४००० मीटर, स्लॅब २०० मिमी, तर पीक ९.६ किलोहर्ट्झला. हा ०.९६ मला बरेच दिवस उगाच चिकटवलेला वाटायचा. तो लॅम्ब तरंगांतून, म्हणजे पाटीसारख्या वस्तूच्या दोन पृष्ठभागांमध्ये धावणाऱ्या तरंगांतून येतो, हे गिब्सन आणि पोपोविक्स यांनी २००५ मध्ये दाखवलं. ते वाचल्यावर मन शांत झालं.

गोळी मात्र विचार करून उचला. २९१ ला मीटरमधल्या व्यासाने भागलं की साधारण किती हर्ट्झपर्यंत ऊर्जा पोचते ते कळतं. १० मिमीची गोळी २९ किलोहर्ट्झपर्यंत जाते, ५० मिमीची ६ च्या आतच थकते. मी त्याच २०० मिमी स्लॅबवर मोठी गोळी मारली, ९.६ ला काही दिसेना, म्हणून पोकळी जाहीर केली. कोअर, म्हणजे भोक पाडून काँक्रीटचा दंडगोल, काढला. अखंड निघाला.

२ मायक्रोसेकंदाला एक असे १०२४ नमुने घेतले तर एफएफटीत लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर ४८८ हर्ट्झ, म्हणजे या स्लॅबवर जाडीत सुमारे १० मिमी. शेवटी शून्यं जोडून आलेख गुळगुळीत होतो, माहिती वाढत नाही. अहवालात जाडी दशांश मिलिमीटरपर्यंत लिहिणारे बघितले की हसू येतं.

पीक ९.६ ऐवजी ८.८ ला सरकलं, तर नवखा माणूस म्हणतो, इथे स्लॅब जाड असेल. असेलही. पण आत पोकळी असली तरी तरंग तिला वळसा घालून जातो, वाट लांबते आणि जाडीचं पीक खाली येतं. तेव्हा आधी वीतभर बाजूला, मग आणखी पुढे ठोका मारून बघा. पीक लगेच ९.६ ला परतलं, तर पहिल्या जागेत पोकळीचा संशय; ती खडूने गोल करून ठेवा.